ठरावीक दिवसांनी बंद पडणारा सुरक्षित वेब प्रॉक्सी : कारण, तपासणी आणि कायमचा उपाय

सुरक्षित वेब प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या इंटरनेटकडे पोहोचवणारा आणि ब्राउझरशी कूटबद्ध जोडणीवरून बोलणारा मधला सर्व्हर, उभारून झालेला असतो, ब्राउझर त्याच्याशी व्यवस्थित जोडलेले असतात आणि सुमारे तीन महिने कोणाचीही तक्रार येत नाही. मग एके दिवशी एकाच सुमारास सगळ्यांचे ब्राउझर अडतात. क्रोम आणि एज ‘ईआरआर_प्रॉक्सी_सर्टिफिकेट_इनव्हॅलिड’ असा संदेश दाखवतात, फायरफॉक्समध्येही एकही पान उघडत नाही, आणि एखाद्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची डिजिटल फाइल) बिघडलेले असताना पुढे जाण्याचा जो पर्याय मिळतो तो येथे मिळत नाही. सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती प्रमाणपत्राची फाइल तपासते, तर तिची मुदत संपायला अजून साठ दिवस बाकी असतात. दुसरे काही सापडत नाही म्हणून प्रॉक्सी रीस्टार्ट केला जातो, तो लगेच चालू होतो आणि विषय तेथेच मिटतो. पुढे साठ दिवसांनी नेमके हेच पुन्हा घडते.

मी सांभाळत असलेल्या एका प्रॉक्सीवर हे तीन वेळा घडले. पहिल्या दोन वेळांना रीस्टार्ट करून मी समाधान मानले. तिसऱ्या वेळी बिघाडांच्या तारखा कागदावर एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा पहिला बिघाड उभारणीनंतर ९० दिवसांनी आणि पुढचे दोन प्रत्येकी ६० दिवसांच्या अंतराने झाल्याचे दिसले. कारण त्या दोन आकड्यांतच दडलेले होते. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांनी सेटिंग्ज बदलण्यापूर्वी हेच करावे, म्हणजे मागील बिघाडांच्या तारखा शोधून त्यांच्यातील अंतर मोजावे, कारण पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाबद्दल सर्वांत विश्वासार्ह माहिती त्याच्या वेळापत्रकातूनच मिळते.

आधी, कोणती जोडणी तुटली हे ठरवावे

साध्या वेब प्रॉक्सीशी ब्राउझर उघड्या जोडणीवरून बोलतो. एचटीटीपीएस संकेतस्थळ उघडायचे असेल तर तो प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ ही विनंती पाठवतो, प्रॉक्सी त्या संकेतस्थळापर्यंत टनेल उघडून देतो आणि त्या टनेलमधून जाणारा मजकूर कूटबद्ध असतो. परंतु ‘कनेक्ट’ची विनंती, तिच्यातील संकेतस्थळाचे नाव आणि प्रॉक्सीसाठी दिलेले वापरकर्तानाव व पासवर्ड हे सगळे वाटेत बसलेल्या कोणालाही वाचता येते. ‘बेसिक’ पद्धतीच्या प्रमाणीकरणात पासवर्ड बेस-६४ मध्ये मांडलेला असतो, आणि ती केवळ अक्षरे मांडण्याची रीत आहे, तिने काहीही लपत नाही. सुरक्षित प्रॉक्सीच्या बाबतीत मात्र ब्राउझर आणि प्रॉक्सी यांच्यातील जोडणीच आधी टीएलएसखाली, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीखाली, येते आणि ‘कनेक्ट’ची विनंती त्या आवरणाच्या आतून जाते. त्यामुळे एचटीटीपीएस पान उघडताना एकात एक अशा दोन टीएलएस जोडण्या असतात, बाहेरची प्रॉक्सीपर्यंत जाणारी आणि आतली प्रत्यक्ष संकेतस्थळापर्यंत जाणारी.

या दोन जोडण्यांची प्रमाणपत्रे वेगळी असतात आणि त्यांचे बिघाडही वेगळे असतात. आतली जोडणी बिघडली तर त्रास एखाद-दुसऱ्या संकेतस्थळापुरता राहतो. बाहेरची बिघडली तर एकही पान उघडत नाही, कारण प्रॉक्सीपर्यंत विनंतीच पोहोचत नाही. ही खूण सर्व्हरच्या लॉगमध्येही दिसते. स्क्विड हा प्रॉक्सी प्रोग्राम वापरत असाल तर ॲक्सेस लॉगमध्ये नेहमीच्या ‘टीसीपी_टनेल’च्या नोंदी एका ठरावीक मिनिटानंतर थांबलेल्या दिसतात, त्या जागी फार तर विनंती येण्यापूर्वीच जोडणी संपल्याच्या ओळी असतात, आणि टीएलएस वाटाघाट फसल्याच्या तक्रारी कॅश लॉगमध्ये सापडतात. बरेच जण केवळ ॲक्सेस लॉग पाहतात आणि ‘नोंदी नाहीत, म्हणजे नेटवर्क बंद असेल’ असा निष्कर्ष काढून चुकीच्या दिशेने जातात.

मुख्य कारण : डिस्कवरचे प्रमाणपत्र आणि स्मृतीतले प्रमाणपत्र

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेकडून मिळणारी नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात आणि सर्टबॉट हा प्रोग्राम त्यांचे नूतनीकरण सुमारे ३० दिवस शिल्लक असताना, म्हणजे साठाव्या दिवसाच्या आसपास करतो. नूतनीकरण झाले की डिस्कवर नवी फाइल येते. स्क्विड, साध्या प्रॉक्सीपुढे टीएलएस लावणारे स्टनेल किंवा एचएप्रॉक्सी हे प्रोग्राम मात्र सुरू होताना वाचलेले प्रमाणपत्र स्मृतीत धरून ठेवतात, आणि फाइल बदलली म्हणून आपणहून ती पुन्हा वाचत नाहीत. नूतनीकरणानंतर प्रॉक्सीला तसे स्पष्टपणे सांगणारी तजवीज केलेली नसेल, तर डिस्कवर नवे आणि ब्राउझरला मिळते ते जुने, अशी स्थिती पूर्ण तीस दिवस राहते. या तीस दिवसांत सगळे सुरळीत चालते, कारण जुन्या प्रमाणपत्राची मुदत अजून संपलेली नसते. नव्वदाव्या दिवशी ती संपते आणि प्रॉक्सी अडतो. मूळ चूक आणि तिचा परिणाम यांत एक महिन्याचे अंतर असल्यामुळे बिघाडाच्या दिवशी ‘काल काय बदलले’ हे शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

आता साठ दिवसांचे कोडे सुटते. नव्वदाव्या दिवशी रीस्टार्ट केल्यावर प्रॉक्सी जे प्रमाणपत्र उचलतो ते साठाव्या दिवशी दिलेले असते आणि त्याची मुदत १५०व्या दिवशी संपते. मधल्या काळात, १२०व्या दिवशी, सर्टबॉट पुन्हा नूतनीकरण करतो, पण प्रॉक्सीला त्याचा पत्ता नसतो. १५०व्या दिवशी तो पुन्हा बंद पडतो, रीस्टार्टनंतर १२०व्या दिवसाचे प्रमाणपत्र घेतो आणि २१०व्या दिवशी पुन्हा अडतो. ‘प्रमाणपत्र तर नव्वद दिवसांचे, मग बिघाड साठ दिवसांनी कसा’ या प्रश्नापाशी थांबून अनेकांनी प्रमाणपत्राला दोषमुक्त ठरवलेले असते.

हा क्रम सगळीकडे इतका नियमित दिसत नाही, आणि त्यामुळेच गोंधळ वाढतो. मधल्या महिन्यात कार्यप्रणालीच्या अद्ययावतीकरणासाठी सर्व्हर एकदा जरी रीबूट झाला तरी प्रॉक्सी नवे प्रमाणपत्र आपसूक उचलतो आणि ती फेरी सुखरूप पार पडते. वर्षातून दोनदाच बिघाड झाला म्हणून कारण वेगळे आहे असे समजू नये. ज्या महिन्यात रीबूट झाला नाही त्याच महिन्यात बिघाड झाला का, एवढे पाहावे. रोज रात्री लॉग बदलण्यासाठी स्क्विडला जाणारा ‘रोटेट’चा इशारा मात्र या कामी उपयोगी पडत नाही, कारण त्या इशाऱ्याने लॉगच्या फाइल बदलतात, प्रमाणपत्र पुन्हा वाचले जात नाही.

वर्षभराचे प्रमाणपत्र विकत घेऊन हा त्रास टाळता येईल, असे वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमने २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. म्हणजे हाताने प्रमाणपत्र बदलण्याची पद्धत चालणार नाही, आणि नूतनीकरणानंतरची कडी निखळलेली असेल तर बिघाड आणखी कमी अंतराने येत राहतील.

खात्री कशी करावी

तपासणीचा नियम एकच आहे. फाइलला विचारू नये, चालू असलेल्या प्रॉक्सीला विचारावे. ओपनएसएसएल या टीएलएस तपासण्याच्या साधनाच्या ‘एस_क्लायंट’ या आज्ञेने प्रॉक्सीच्या नावावर आणि पोर्टवर जोडणी करावी, ‘सर्व्हरनेम’ या पर्यायात प्रॉक्सीचे पूर्ण नाव द्यावे, आणि जे प्रमाणपत्र परत येईल ते ‘एक्स५०९’ या आज्ञेकडे पाठवून त्याची अंतिम तारीख व फिंगरप्रिंट (त्या प्रमाणपत्राची वेगळी ओळखखूण) काढावे. मग डिस्कवरील फाइलचेही फिंगरप्रिंट काढून दोन्हींची तुलना करावी. दोन्ही जुळत नसतील तर कारण सापडले. पुढे काही शोधण्याची गरज नाही. ही तपासणी सर्व्हरवर बसून न करता बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून केलेली बरी, कारण ब्राउझरला जे दिसते तेच आपल्यालाही दिसावे लागते.

दुसरी तपासणी कर्लने, म्हणजे टर्मिनलवरून वेब विनंत्या पाठवणाऱ्या प्रोग्रामने, करता येते. कर्लमध्ये ७.५२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या डिसेंबरपासून, सुरक्षित प्रॉक्सीशी टीएलएसवरून बोलण्याची सोय आहे. प्रॉक्सीच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस ही योजना लिहिली की ती लागू होते. ‘व्हर्बोज’ पर्यायासह चालवल्यास आधी प्रॉक्सीशी झालेली टीएलएस वाटाघाट, मग ‘कनेक्ट’ला मिळालेले उत्तर आणि शेवटी संकेतस्थळाशी झालेली वाटाघाट असे तिन्ही टप्पे वेगवेगळे दिसतात. ब्राउझर जे सगळे एका संदेशात गुंडाळतो ते येथे उलगडून मिळते, म्हणून माझ्या मते प्रॉक्सीच्या कोणत्याही तक्रारीत ब्राउझर उघडण्याआधी कर्ल चालवावे.

दुरुस्ती

तातडीची दुरुस्ती म्हणजे प्रॉक्सीला संरचना पुन्हा वाचायला लावणे. स्क्विडसाठी ‘रीकन्फिगर’ची आज्ञा पुरते. पूर्ण रीस्टार्ट टाळावा, कारण बंद होताना स्क्विड चालू जोडण्या संपण्याची वाट पाहतो, ही मुदत मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांची असते, आणि तेवढा वेळ नव्या जोडण्या नाकारल्या जातात.

कायमची दुरुस्ती सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये आहे. सर्टबॉटच्या संरचनेतील ‘रिन्यूअल-हुक्स’ या फोल्डरमध्ये ‘डिप्लॉय’ नावाचा उपफोल्डर असतो. त्यात ठेवलेली स्क्रिप्ट नूतनीकरण यशस्वी झाल्यावरच चालते. या स्क्रिप्टने तीन कामे करावीत. नवी ‘फुलचेन’ फाइल (सर्व्हरचे प्रमाणपत्र आणि त्याला प्राधिकाऱ्याशी जोडणारे मधले प्रमाणपत्र एकत्र असलेली) आणि प्रायव्हेट की प्रॉक्सीसाठी राखलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये न्यावी, तेथे मालकी आणि परवानग्या अशा लावाव्यात की प्रॉक्सीचे खाते त्या वाचू शकेल पण इतर खाती वाचू शकणार नाहीत, आणि मग ‘रीकन्फिगर’ची आज्ञा द्यावी. सर्टबॉटचे मूळ फोल्डर केवळ रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्यासाठी खुले असते, म्हणून नक्कल करण्याचा हा टप्पा वगळू नये. स्टनेलच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही, कारण सुरू झाल्यानंतर ते कमी अधिकारांच्या खात्याखाली गेलेले असेल, तर पुन्हा वाचण्याच्या वेळी त्याला रूटच्या फाइल उघडता येत नाहीत. आणि ४४३ सारखे १०२४ च्या खालचे पोर्ट नव्याने बांधणेही त्याला जमत नाही. अशा रचनेत स्टनेलपुरता पूर्ण रीस्टार्ट हाच सरळ मार्ग आहे.

स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी, म्हणजे एक्झिक्युटेबल खूण, दिली आहे का हे तपासावे. ती नसल्यास सर्टबॉट ती स्क्रिप्ट वगळतो. यापेक्षा मोठी फसगत चाचणीच्या वेळी होते. ‘ड्राय रन’ पर्यायाने नूतनीकरणाची रंगीत तालीम केली आणि ती निर्विघ्न पार पडली म्हणजे सगळी साखळी ठीक आहे, असे समजले जाते. पण मूळ वर्तनानुसार ड्राय रनमध्ये डिप्लॉय हुक चालवलेच जात नाहीत. आपण ज्या कडीची चाचणी करायला निघालो, तीच नेमकी चाचणीतून वगळलेली असते. म्हणून स्क्रिप्ट एकदा हाताने चालवावी, तिला लागणारी नूतनीकृत फोल्डरची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावी, आणि नंतर वर सांगितलेली फिंगरप्रिंटची तुलना पुन्हा करावी.

यानंतर एक पहारेकरी ठेवणे आवश्यक आहे. नूतनीकरण ३० दिवस शिल्लक असताना होते, त्यामुळे सगळे ठीक चालले असेल तर प्रॉक्सी जे प्रमाणपत्र देतो त्याची शिल्लक मुदत तीस दिवसांच्या फारशी खाली कधीच जाता कामा नये. रोज एकदा चालू प्रॉक्सीकडून प्रमाणपत्र मिळवून ओपनएसएसएलच्या ‘चेकएंड’ पर्यायाने २५ दिवसांची, म्हणजे २१६०००० सेकंदांची कसोटी लावावी आणि ती फसली तर सूचना यावी. ‘संपायला सात दिवस’ अशी मर्यादा लावण्याची पद्धत मला घातक वाटते; पंचवीस दिवस शिल्लक असताना कळले तर दुरुस्ती शांतपणे करता येते, आणि मर्यादा अशी लावल्याने मुदतीबरोबर तुटलेली कडीही पकडली जाते. लेट्स एन्क्रिप्टकडून पूर्वी येणारे मुदतीची आठवण करून देणारे ईमेल ४ जून २०२५ पासून बंद झाले आहेत. अर्थात या बिघाडात त्यांचा काहीच उपयोग नव्हता, कारण त्यांच्या दप्तरी नूतनीकरण वेळेवर झालेले असे.

‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ या शब्दांचे दोन अर्थ

बिघाडाच्या दिवशी घाईघाईत केलेल्या दुरुस्तीमुळे दुसरीच एक समस्या मागे राहते, आणि ती बंद पडण्यापेक्षा गंभीर आहे. पाने उघडत नाहीत म्हणून कोणीतरी ब्राउझरच्या किंवा कार्यप्रणालीच्या सेटिंग्जमध्ये जाते, ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ किंवा ‘सुरक्षित वेब प्रॉक्सी’ असे नाव असलेल्या चौकटीत प्रॉक्सीचे नाव व पोर्ट भरते आणि आपण सुरक्षित प्रॉक्सी लावला असे मानते. त्या चौकटीचा अर्थ वेगळा आहे. ‘एचटीटीपीएस संकेतस्थळांसाठी कोणता प्रॉक्सी वापरायचा’ एवढेच ती विचारते. प्रॉक्सीपर्यंतची जोडणी टीएलएसखाली असेल असे ती म्हणत नाही. टीएलएसची अपेक्षा असलेल्या पोर्टवर असे सेटिंग लावले तर ब्राउझर उघड्या मजकुरात ‘कनेक्ट’ पाठवतो, प्रॉक्सीला ते समजत नाही आणि जोडणी तुटते. मग ‘निदान चालू तरी व्हावा’ म्हणून सर्व्हरवर ३१२८ हे साधे पोर्ट बाहेरच्या जगाला खुले केले जाते. पाने उघडू लागतात, सगळ्यांना हायसे वाटते, आणि त्या क्षणापासून प्रत्येकाचा पासवर्ड उघड्यावरून जाऊ लागतो. ज्याने सुरक्षित प्रॉक्सी उभारण्याचे कष्ट घेतले त्याच्या दृष्टीने याहून वाईट परिणाम नाही, आणि तो कोणत्याही लॉगमध्ये चूक म्हणून दिसत नाही.

ब्राउझरला सुरक्षित प्रॉक्सी वापरायला सांगण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे पॅक फाइल. ही १९९६ पासून, नेटस्केपच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे. ‘फाइंड-प्रॉक्सी-फॉर-यूआरएल’ हे एक फंक्शन त्या फाइलमध्ये असते आणि ते ज्या पत्त्यासाठी विचारणा झाली त्यासाठी कोणत्या मार्गाने जायचे हे सांगते. उत्तरात ‘प्रॉक्सी’ हा शब्द लिहिल्यास जोडणी उघडी राहते, आणि ‘एचटीटीपीएस’ हा शब्द लिहिल्यास प्रॉक्सीपर्यंतची जोडणी टीएलएसखाली जाते. एका शब्दाचा हा फरक आहे, पण सगळी सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे. क्रोम, एज आणि आवृत्ती ३३ पासूनचा फायरफॉक्स हे सर्व हा शब्द समजतात. केवळ चाचणीसाठी क्रोम सुरू करताना ‘प्रॉक्सी-सर्व्हर’ या पर्यायात एचटीटीपीएस योजनेसह पत्ता देता येतो. नाव व पासवर्ड मात्र पॅक फाइलमध्ये लिहिता येत नाहीत; ते ब्राउझर विचारतो तेव्हाच द्यायचे असतात.

पॅक फाइलमध्ये प्रॉक्सीचा आयपी पत्ता लिहू नये, नाव लिहावे, कारण प्रमाणपत्र नावासाठी दिलेले असते आणि ब्राउझर प्रमाणपत्रातील पर्यायी नावांच्या यादीशीच ते ताडून पाहतो. स्वतः तयार केलेल्या जुन्या धाटणीच्या प्रमाणपत्रांत ही यादी नसते, केवळ ‘कॉमन नेम’ असते. क्रोमने आवृत्ती ५८ पासून, म्हणजे २०१७ पासून, त्याकडे पाहणे सोडून दिले आहे.

उत्तराच्या शेवटी अर्धविराम देऊन ‘डायरेक्ट’ लिहिण्याची सवय अनेक तयार नमुन्यांतून आलेली आहे. प्रॉक्सी मिळाला नाही तर थेट जावे, असा त्याचा अर्थ. सुरक्षित प्रॉक्सीच्या बाबतीत मी ती सवय मोडण्याचाच आग्रह धरेन. प्रॉक्सीशी जोडणी झाली नाही की ब्राउझर काही न बोलता थेट मार्ग धरतो, क्रोम त्या प्रॉक्सीला सुमारे पाच मिनिटे आणि फायरफॉक्स त्याच्या मूळ सेटिंगनुसार १८०० सेकंद बाजूला ठेवतो, आणि वापरणाऱ्याला आपली वाहतूक आता प्रॉक्सीतून जात नाही याची कल्पनाही नसते. ‘कधी चालतो, कधी नाही’ किंवा ‘दुरुस्त करूनही अर्धा तास बदल दिसत नाही’ अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथे असते. पॅक फाइलच उतरवून घेता आली नाही तरी क्रोम मूळ सेटिंगनुसार थेट मार्गानेच जातो. हे चालणार नसेल तर फायरवॉलवर थेट मार्ग बंद करणे भाग आहे, केवळ ब्राउझरच्या सेटिंग्जवर विसंबता येत नाही.

स्टनेल पुढे ठेवल्यावर होणारी एक मोठी चूक

काही ठिकाणी स्क्विडच्या स्वतःच्या ‘एचटीटीपीएस_पोर्ट’ सूचनेऐवजी पुढे स्टनेल आणि मागे १२७.०.०.१ या पत्त्यावरील ३१२८ पोर्टवर साधा स्क्विड, अशी रचना असते. रचना म्हणून ती योग्य आहे. परंतु स्क्विडच्या दृष्टीने आता प्रत्येक विनंती त्याच यंत्रावरून, लोकलहोस्टवरून येते, आणि स्क्विडच्या मूळ संरचनेत लोकलहोस्टला मुभा देणारी एक ओळ असते. प्रवेशाचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागू होतो. ती ओळ प्रमाणीकरणाच्या नियमाच्या वर राहिली, तर जगातील कोणालाही पासवर्डशिवाय तुमचा प्रॉक्सी वापरता येतो. टीएलएस व्यवस्थित आहे, प्रमाणपत्र वैध आहे, ब्राउझरमध्ये कोणतीही चूक नाही, आणि प्रॉक्सी सताड उघडा आहे. ‘आम्हाला पासवर्ड विचारलाच जात नाही, बरे झाले’ असे कोणी म्हणाले तर ती आनंदाची नव्हे, तातडीने सर्व्हर तपासण्याची वेळ आहे.

ती ओळ काढून टाकावी किंवा प्रमाणीकरणाच्या नियमाखाली न्यावी. मूळ पत्ते लॉगमध्ये हवे असतील तर स्टनेलमध्ये ‘प्रॉक्सी’ प्रोटोकॉल चालू करावा, स्क्विडच्या पोर्टला तो शीर्षभाग आवश्यक असल्याचे सांगावे आणि तसा शीर्षभाग पाठवण्याची मुभा केवळ लोकलहोस्टला द्यावी. मग नाव-पासवर्डाशिवाय कर्ल चालवून ४०७, म्हणजे ‘आधी ओळख पटवा’, हे उत्तर येते का ते पाहावे. २००, म्हणजे ‘विनंती मान्य’, आले तर काम संपलेले नाही.

इतर तक्रारी

एका यंत्रावर प्रॉक्सी चालतो आणि दुसऱ्यावर प्रमाणपत्राची चूक येते, तेव्हा बहुधा ‘फुलचेन’ऐवजी केवळ सर्व्हरच्या प्रमाणपत्राची फाइल लावलेली असते. मधले प्रमाणपत्र सर्व्हरने दिले नाही तरी काही ब्राउझर ते स्वतः मिळवतात किंवा आधी पाहिलेले वापरतात, म्हणून चूक झाकली जाते. कर्ल ते करत नाही, म्हणून तेथे ती लगेच उघडी पडते. एकाच यंत्रावर एकच ब्राउझर अडत असेल आणि प्रमाणपत्र तुमच्या स्वतःच्या प्राधिकाऱ्याने दिलेले असेल, तर त्या ब्राउझरच्या विश्वसनीय प्राधिकाऱ्यांच्या साठ्यात ते आहे का ते पाहावे. फायरफॉक्सचा साठा कार्यप्रणालीपेक्षा वेगळा असतो. आणि एकच यंत्र अडत असेल तर सर्वांत आधी त्याचे घड्याळ पाहावे.

बाकी सगळे उघडते पण एखादे संकेतस्थळ ‘ईआरआर_टनेल_कनेक्शन_फेल्ड’ असे म्हणते, तेव्हा प्रॉक्सीने ‘कनेक्ट’ नाकारलेले असते. स्क्विडच्या मूळ नियमांत ‘कनेक्ट’ची मुभा केवळ ४४३ पोर्टसाठी असते, आणि ते संकेतस्थळ ८४४३ सारख्या पोर्टवर असेल तर ॲक्सेस लॉगमध्ये ‘टीसीपी_डिनाइड’ आणि ४०३ दिसेल. नकाराचे कारण सांगणारे पान स्क्विड पाठवतो, पण ब्राउझर ते दाखवत नाही. यामागे ठोस कारण आहे. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले होते की ‘कनेक्ट’च्या नकारासोबत आलेले पान ब्राउझर मूळ संकेतस्थळाच्या नावाखाली दाखवत असल्याने मध्ये बसलेला हल्लेखोर त्या संकेतस्थळाच्या ओळखीने स्वतःचा कोड चालवू शकतो, तेव्हापासून ब्राउझरांनी ती वाट बंद केली. म्हणून अशा तक्रारीत पडद्यावरच्या संदेशावर वेळ घालवू नये, सरळ सर्व्हरच्या लॉगकडे जावे. हवे असलेले पोर्ट अनुमत यादीत वाढवावे, यादीच काढून टाकू नये, कारण तसे केल्यास तुमच्या प्रॉक्सीतून ईमेलच्या पोर्टपर्यंतही टनेल उघडता येईल.

काही वेळा पान उघडायला सुरुवातीला बराच वेळ लागतो आणि नंतर सगळे वेगाने चालते. प्रॉक्सीच्या नावाला डीएनएसमध्ये आयपीव्ही६ पत्ताही दिलेला आहे, पण प्रॉक्सी केवळ आयपीव्ही४ वर ऐकतो आहे, असे असल्यास काही प्रोग्राम आधी बंद दारावर थांबतात. दोन्हींवर ऐकायला लावावे किंवा तो पत्ता डीएनएसमधून काढावा.

पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर प्रथम ॲक्सेस लॉगमध्ये त्या ब्राउझरच्या नोंदींत ४०७ नंतर वापरकर्त्याचे नाव येते का ते पाहावे. सुरुवातीचे एखादे ४०७ स्वाभाविक आहे. एकामागून एक केवळ ४०७ येत असतील तर पासवर्डच चुकतो आहे किंवा पासवर्ड पडताळणारा सहायक प्रोग्राम पासवर्डाची फाइल वाचू शकत नाही. हे दुसरे कारण पासवर्डाची फाइल रूट खात्याने नव्याने तयार केल्यावर, मालकी बदलायची राहून गेल्यामुळे, सर्वाधिक आढळते. पडताळणीचा तो सहायक प्रोग्राम प्रॉक्सीच्या खात्याखाली टर्मिनलवर हाताने चालवून नाव आणि पासवर्ड दिल्यास ‘ओके’ किंवा ‘ईआरआर’ असे उत्तर तो लगेच देतो, आणि शंका तेथेच फिटते.